'स्टार ट्रेक'चा जुना कम्युनिकेटर विकायला आलाय. खरा की बनावट, कसं ओळखायचं?

शंकेखोर

मंडळी, एका परदेशी विक्रेत्याने 'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळकथेच्या पहिल्या टीव्ही मालिकेतला (१९६६ ते १९६९) कम्युनिकेटर, म्हणजे पात्रं बोलायला वापरतात ते झाकणवालं हातातलं यंत्र, विकायला काढलाय. वर्णनात ठसठशीत लिहिलंय: 'पडद्यावर वापरलेला, हिरो प्रॉप' (प्रॉप म्हणजे चित्रीकरणासाठीची वस्तू). सोबत १९६९ ची तारीख असलेलं टाइप केलेलं पत्र आणि सोनेरी शिक्का मारलेलं प्रमाणपत्र. किंमत अशी की वस्तू खरी असेल तर फुकटच म्हणायची आणि खोटी असेल तर माझं कंबरडं मोडायचं.

फोटोंत झाकण उघडलेलं दिसतं, मधली चकती फिरते म्हणे, एक छोटा लाल दिवा लागतो. कडा घासलेल्या, जाळीवर काळपट डाग. वस्तू जुनी आहे यात मला तरी शंका वाटत नाही.

नुसत्या फोटोंवरून कुठवर मजल मारता येते? प्रमाणपत्राला किती भाव द्यायचा? 'गूगल करा' म्हणणाऱ्यांना आगाऊ दंडवत.

डबडा_टीव्ही

खुर्ची टाकून बसलोय. येऊ द्या.

रेझिनवाली

शंकेखोर, आधी विक्रेत्याला एवढंच विचारा की तुम्ही याला हिरो कशावरून म्हणता. बऱ्याच जणांची गाडी तिथेच अडते.

कॅमेरा जवळ जाणार असेल तेव्हा जी सगळ्यात नीट केलेली, चालणारी प्रत वापरतात ती हिरो. नायकाच्या हातात होती म्हणून ती हिरो होत नाही. लांबच्या दृश्यांसाठी, कमरेला लटकवण्यासाठी, पडापडी-मारामारीसाठी वेगळ्या प्रती असायच्या: पोकळ, हलक्या, कधी रबराच्या. मूळ मालिकेचे कम्युनिकेटर वॉ चँग या कारागिराने बनवले. ते सगळे मिळून दहाच्या आसपास, आणि त्यात चकती फिरणारे दोन. म्हणजे तुमच्या विक्रेत्याचं म्हणणं असं की त्या दोनातला एक माझ्याकडे आहे आणि तो मी पडत्या भावात काढतोय.

असं कधीच घडत नाही असं नाही. पण सुरुवात इथून करायची, जाळीवरच्या डागांपासून नाही.

आता चकती. मूळ हिरो प्रतींत ती स्टॉपवॉचच्या यंत्रावर फिरायची. किल्ली द्यायची, आत स्प्रिंग आणि दातेरी चाकं. रेघांची एक नक्षी स्थिर, दुसरी तिच्यावर फिरती, आणि दोन्ही एकमेकींवरून सरकल्या की ती मॉयरे लाट दिसते. विक्रेत्याकडून आवाजासकट व्हिडिओ मागवा. घड्याळाचं यंत्र टिकटिक करतं, मोटर गुणगुणते. हे तर फोनवरही कळेल.

दुसरं, कवच. मूळ कवच दाणेदार पोताच्या काळ्या प्लास्टिक शीटचं. शीट गरम करून साच्यावर टाकायची आणि खालून हवा खेचून घ्यायची, म्हणजे व्हॅक्युम फॉर्मिंग. यात शीट सपाट भागावर जशीच्या तशी राहते, पण कोपऱ्यात ताणली जाते. ताणली की दोन गोष्टी होतात: तिथली जाडी कमी होते आणि पोताचे दाणे पसरून चपटे, गुळगुळीत होतात. याउलट रेझिन (साच्यात ओतल्यावर घट्ट होणारं पातळ प्लास्टिक) ओतून केलेल्या नकलेत दाणे कोपऱ्यातही तितकेच टोकदार दिसतात, कारण तिथे काहीच ताणलं गेलेलं नसतं. कवचाच्या चारही कोपऱ्यांचे जवळून फोटो मागा, उजेड एका बाजूने तिरका टाकून. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत पोत सपाट दिसतो. त्यावरून काही ठरवू नका.

वजनही विचारा. रेझिन जड असतं.

फिरता_स्क्रू

लाल दिवा म्हणालात तिथे थांबलो. एलईडी आहे का ते बघा. डोळ्यांना दिसेल असा लाल एलईडी १९६२ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये बनला, पण साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत तो प्रयोगशाळेच्या भावाचाच होता. मालिकेच्या तुटपुंज्या बजेटमध्ये तो कोण बसवणार? त्या काळी गव्हाच्या दाण्याएवढे तारेचे बल्ब वापरायचे. बल्ब तापतो, आतली तार भिंगाने दिसते, बंद केल्यावर क्षणभर मावळत विझतो. एलईडी फटकन विझतो. निळा एलईडी दिसला तर बोलायलाच नको, झळझळीत निळा नव्वदच्या दशकात आला.

स्क्रूही बघायचे. अमेरिकेत बनलेल्या वस्तूत इंची आटे हवेत, मिलिमीटरवाले नकोत. टॉर्क्स म्हणजे सहा टोकी चांदणीची खाच, ती १९६७ नंतरची. ब्रिटिश प्रॉप असेल तर छोट्या स्क्रूंचे बीए या ब्रिटिश मापाचे आटे सापडतात. आटे ओळखायला ते मोजायची फणी लागते, ती विक्रेत्याकडे नसणार, पण डोक्याचा फोटो तरी मिळेल.

शंकेखोर

रेझिनवाली ताई, स्क्रूभाऊ, धन्यवाद. विक्रेत्याला विचारलं. उत्तर आलं: "मूळ घड्याळयंत्र ऐंशीच्या दशकात बिघडलं. आधीच्या मालकाने ते काढून मोटर आणि एलईडी बसवला. बाकी सगळं मूळ."

आता काय? हे उत्तर पटण्यासारखंही वाटतंय.

फिरता_स्क्रू

पटण्यासारखं असणारच. प्रत्येक विसंगतीला एक 'आधीचा मालक' असतो.

रेझिनवाली

स्क्रूभाऊ, टोमणा मान्य, पण नंतर बसवलेला भाग दिसला म्हणून वस्तू खोटी असं म्हणता येत नाही. मालिकेतल्या एंटरप्राइझ या अंतराळयानाचं ११ फुटी चित्रीकरणाचं मॉडेल घ्या. १९७४ पासून ते स्मिथसोनियनकडे आहे, त्याच्या खरेपणाबद्दल कुणी ब्र काढणार नाही. तरी त्याच्या आत आज एलईडी आहेत, २०१४ ते २०१६ च्या डागडुजीत बसवलेले. त्याआधी नव्वदच्या दशकात त्यावर पत्र्याच्या जोडांच्या रेघा इतक्या गडद रंगवल्या होत्या की जाणकार वैतागले होते. मूळ रंग टिकलाय तो मुख्यतः यानाच्या बशीसारख्या भागाच्या वरच्या बाजूला, आणि नव्या डागडुजीत त्याला मुद्दाम हात लावला नाही. तोच भाग आता पुढच्या अभ्यासाचा आधार झालाय.

तेव्हा प्रश्न 'नवीन भाग आहे का' हा नाही. जुना भाग काढल्याच्या खुणा आहेत का, हा आहे. स्टॉपवॉचचं यंत्र हवेत तरंगत नव्हतं. ते बसवायला जागा कोरलेली असणार, भोकं असणार, डिंकाचे वा स्क्रूचे ठसे असणार. किल्लीसाठी बाहेरून वाट असणार. मोटरसाठी नवी भोकं पाडली तर जुनी भोकं रिकामी दिसायला हवीत. शंकेखोर, आतला फोटो मागा. मोटर बाजूला सरकवून.

काळापांढरा

तुम्ही सगळे अमेरिकन मालिकेत रमलाय, मी जरा बीबीसीकडे नेतो. अवांतर वाटेल, पण शंकेखोरांच्या प्रश्नाला लागू आहे.

नकली वस्तू बनवणारा पडद्याकडे बघून बनवतो. खरी वस्तू बनवणारा कॅमेऱ्याकडे बघून बनवायचा. इथेच बनावट पकडली जाते.

बीबीसीची विज्ञानकथा मालिका 'डॉक्टर हू' १९६३ साली सुरू झाली, काळ्यापांढऱ्यात. टार्डिस या कालयानाच्या आतलं ते सहा बाजूंचं नियंत्रण-टेबल पडद्यावर स्वच्छ पांढरं दिसतं. प्रत्यक्षात त्याला फिकट हिरवा रंग दिला होता, कारण खरा पांढरा त्या कॅमेऱ्यांना झेपायचा नाही, चकाकून जायचा. आता कुणी 'मूळ पॅनेल' म्हणून पांढराशुभ्र तुकडा आणला आणि रंगाच्या थरांखाली कुठेही हिरवं सापडलं नाही, तर मी पुढे बोलणारच नाही.

कपड्यांचंही तेच. 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा सोनेरी शर्ट आठवतो ना सगळ्यांना? पहिल्या दोन सीझनचा वेलूरचा (मखमलीसारख्या कापडाचा) शर्ट हातात घेतला तर पोपटी-हिरवट आहे. दिव्यांच्या उजेडात आणि फिल्मवर तो सोनेरी उतरायचा. तिसऱ्या सीझनला वेलूर जाऊन नायलॉनचं विणलेलं कापड आलं, कारण वेलूर धुतलं की आटायचं. म्हणजे 'पहिल्या सीझनचा मूळ शर्ट' छान मोहरीपिवळा असेल तर तो टीव्ही बघून शिवलाय.

आणि डालेक, 'डॉक्टर हू'मधले ते यंत्रमानवासारखे शत्रू! त्यावर नंतर लिहितो, जेवून.

डबडा_टीव्ही

शर्ट हिरवा होता?? माझं सगळं बालपण खोटं निघालं.

नवखा_अंतराळी

एक भाबडा प्रश्न. वस्तू खरोखर पन्नास-साठ वर्षं जुनी आहे हे सिद्ध झालं तर काम भागत नाही का? एवढ्या जुन्या काळात बनावट कोण करत बसलं असेल?

रेझिनवाली

भाबडा नाही, कळीचा प्रश्न आहे. आणि उत्तर आहे: चाहते. मालिका १९६९ साली बंद पडली, फेरप्रक्षेपणांनी ती अफाट लोकप्रिय केली, आणि १९७२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला चाहत्यांचं पहिलं मोठं संमेलन भरलं. तेव्हापासून लोक घरच्या गॅरेजात फेझर (किरणांचं पिस्तूल), ट्रायकॉर्डर (तपासणीचं यंत्र), कम्युनिकेटर बनवतायत. फसवायला नव्हे, प्रेमाने. कंबरेला लावून मिरवायला. १९७४ मध्ये एएमटी कंपनीने या तिन्ही वस्तूंचा जोडणी-संच बाजारात आणला होता, तो मूळ मापापेक्षा लहान. मुलांनी तो जोडला, रंगवला, खेळले, माळ्यावर टाकला.

आज त्या वस्तूंना पन्नासेक वर्षं झाली. त्यांचं प्लास्टिक खरंच जुनं आहे, रंग खरंच उडालाय, धूळ खरी आहे. बनवणारा वारला, वारसांना पेटीत सापडलं, आणि सांगोवांगी 'आजोबा हॉलिवूडमध्ये होते' एवढं कानावर होतं. खोटं कुणीच बोललं नाही, तरी वस्तू खोट्या नावाने बाजारात आली. लबाडीपेक्षा असलीच प्रकरणं मला जास्त दिसलीत.

म्हणून वय ही फक्त नापास करायची परीक्षा. वय कमी निघालं तर वस्तू बाद. वय बरोबर निघालं तर अजून काहीच कळलेलं नाही.

कागदीघोडा

पत्राबद्दल कुणी बोललं नाही अजून, म्हणून मी.

शंकेखोरांनी मला पत्राचा फोटो व्यक्तिगत निरोपात पाठवला. त्यात अक्षरांची रुंदी सारखी नाही, 'आय' अरुंद आणि 'डब्ल्यू' ऐसपैस. यावरून 'कॉम्प्युटरवर छापलंय' अशी बोंब मारू नका. आयबीएमचा एक्झिक्युटिव्ह टाइपरायटर चाळीसच्या दशकापासून अशी अक्षरं काढत होता. तिथे पत्र पास.

अतिनील टॉर्चखाली कागद निळा चमकला तर बनावट, असंही सर्रास सांगतात. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं पन्नासच्या दशकापासून वापरात आहेत. पत्र १९३० चं म्हणत असतील तर ही परीक्षा कामाची, १९६९ च्या पत्राला कुचकामी. टॉर्च वस्तूवर मारा. नंतर लावलेला डिंक, नंतर फिरवलेला रंग आजूबाजूपेक्षा वेगळा उजळतो, डागडुजीचा नकाशाच समोर येतो.

पत्रात बघायचं ते असं. टाइपरायटरचा खिळा कागदात रुततो, पाठीमागून बोट फिरवलं की उठाव लागतो. लेझर प्रिंटची पूड कागदावर बसते, भिंगातून अक्षरांच्या कडेला उडालेले कण दिसतात. फोटोवरून हे कळत नाही, पत्राच्या मागच्या बाजूचा तिरक्या उजेडातला फोटो लागेल.

पण समजा पत्र अस्सल निघालं. त्यात लिहिलंय काय? 'तुमच्या मदतीबद्दल आठवण म्हणून एक कम्युनिकेटर पाठवत आहोत.' बस्स. फोटो नाही, क्रमांक नाही, वस्तूवरच्या कुठल्याही खुणेचा उल्लेख नाही. हे पत्र कुठल्याही कम्युनिकेटरच्या पेटीत ठेवता येईल. खरी कागदपत्रं आणि खोटी वस्तू अशी जोडी जमवणं हा जुना धंदा आहे.

प्रमाणपत्राचं काय विचारता? खाली सही कुणाची आहे आणि वस्तू खोटी निघाली तर पैसे परत कोण देणार, एवढंच वाचा. तुमच्या प्रमाणपत्रावर नुसतं 'प्रमाणित' लिहिलंय. कुणी केलं, कशावरून केलं, काही नाही. शिक्का मात्र झकास आहे.

काळापांढरा

जेवण झालं. कागदीघोडा, मोठ्या लिलावांच्या कागदांबद्दल काय मत?

कागदीघोडा

चांगले, पण डोळे मिटून नाही. २००६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला क्रिस्टीजने स्टार ट्रेकच्या वस्तूंचा प्रचंड लिलाव केला, वस्तू थेट स्टुडिओच्या गोदामातून आल्या होत्या. याहून भक्कम उगम कुठला? त्यात पुढच्या मालिकेतलं डेटा हे पात्र पत्ते खेळताना लावतं तो कपाळपट्टा विकला गेला, सुमारे ६ हजार डॉलरना. घेणारा तो डेटाचं काम करणाऱ्या अभिनेत्याकडे सही घ्यायला घेऊन गेला, तर अभिनेत्याचं म्हणणं असं की मूळ पट्टा माझ्याकडे होता आणि तो मी आधीच विकलाय. प्रकरण कोर्टात गेलं.

यात कुणी लबाड होतं असं मी म्हणत नाही. स्टुडिओच्या गोदामात एकाच वस्तूच्या जास्तीच्या प्रती असतात, पुढच्या कार्यक्रमांसाठी, प्रदर्शनांसाठी नव्याने केलेल्या असतात. गोदाम खरं, वस्तू स्टुडिओचीच, तरी 'ती' वस्तू नव्हे. म्हणून 'स्टुडिओने बनवलेली' आणि 'पडद्यावर वापरलेली' हे दोन वेगळे दावे आहेत, आणि दुसऱ्याला पुरावाही वेगळा लागतो.

नवखा_अंतराळी

मग तो दुसरा पुरावा काय? कुणी शपथ घेऊन सांगितलं तरी चालणार नाही म्हणता.

रेझिनवाली

पडद्याशी खुणा जुळवणं. स्क्रीन-मॅच.

हाताने बनवलेल्या वस्तूत प्रत्येक प्रत वेगळी असते. रंगाचा एखादा ओघळ, फायबरग्लासमध्ये अडकलेला हवेचा बुडबुडा, तिरका चिकटलेला खडा, जाळी कापताना अर्धं राहिलेलं भोक. या खुणा कुणी मुद्दाम केलेल्या नसतात, म्हणून नक्कल करणाऱ्याच्या लक्षातही येत नाहीत. मालिकेच्या एखाद्या चौकटीत (फ्रेममध्ये) तीच खूण त्याच जागी दिसली की वस्तू सापडली. एक खूण योगायोग असू शकते. एकमेकांपासून ठरावीक अंतरावर असलेल्या तीन-चार खुणा जुळल्या की मग वाद संपतो.

मूळ 'स्टार ट्रेक'चं नशीब म्हणजे ती ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली. त्या काळच्या टीव्हीवर जे कुणाला दिसलं नाही ते आज स्वच्छ स्कॅनमध्ये दिसतं. कम्युनिकेटरच्या जाळीची भोकं मोजता येतात. अभ्यासकांनी चौकटी बघून एकेक प्रत वेगळी ओळखून त्यांना ग्रीक अक्षरांची नावं दिलीत. तेव्हा शंकेखोर, विक्रेत्याला विचारा: तुमची प्रत त्यातली कुठली? हिरो असेल तर जवळून घेतलेल्या दृश्यांत ती दिसलीच पाहिजे. हिरोचं कामच ते.

२०२४ च्या नोव्हेंबरात कर्कचा फेझर ९ लाख १० हजार डॉलरना गेला तो अशाच जुळवणीच्या जोरावर. तीच वस्तू, खुणा जुळल्या नसत्या तर त्या भावाच्या जवळपासही फिरकली नसती.

एक सावधगिरी. आता हाय-डेफिनिशन चौकटी सगळ्यांना मिळतात, त्यामुळे हुशार बनावटवाले ओरखडेही नकलतात. तिथे उलटं बघायचं: पडद्यावर कधीच न दिसलेली बाजू, आतला भाग, तळ. तिथे काम ढिसाळ, घाईचं, पेन्सिलच्या खुणांसकट असेल तर मला बरं वाटतं. आतूनही देखणी असलेली वस्तू चाहत्याने बनवलेली असते, प्रॉपवाल्याला तेवढा वेळच नव्हता.

काळापांढरा

इथेच बीबीसीवाल्यांची पंचाईत होते. साठच्या दशकातला 'डॉक्टर हू' बहुतेक व्हिडिओवर, ४०५ रेषांत, म्हणजे कमी तपशिलाच्या चित्रात. ते टेप पुसले. जे वाचलं ते बरंचसं पडद्यावरून १६ मिमी फिल्मवर उतरवलेलं. कित्येक भाग उरलेलेच नाहीत. अशा चित्रात ओरखडा शोधणार कुठे? मग सेटवर काढलेले प्रसिद्धीचे फोटो हाच आधार, ते मोठ्या निगेटिव्हवर असल्याने कधीकधी चित्रापेक्षा दसपट तपशील देतात.

डालेकचं सांगायचं राहिलं. रेमंड क्युसिकने आराखडा केला, शॉक्राफ्ट या कारखान्याने १९६३ मध्ये पहिले चार बनवले. खालच्या घागऱ्यावर अर्धगोल ५६, चौदा फळ्यांवर चार-चार. छातीवरच्या उभ्या पट्ट्या १९६५ मध्ये आल्या, त्याआधीच्या डालेकला त्या नव्हत्या. तेव्हा कुणी '१९६३ चा मूळ' म्हणून पट्ट्यांसकट दाखवला तर लगेच हसू नका, नंतर बसवलेल्या असू शकतात. पट्ट्या काढल्यावर खाली जुना रंग सलग आहे का ते बघायचं.

आणि खरी गंमत पुढे. वर्षानुवर्षं वरचे आणि खालचे भाग अदलाबदल होत गेले. एकाचा घागरा, दुसऱ्याचे खांदे, तिसऱ्याची घुमटी. चित्रपटासाठी बनवलेलेही मधेच मालिकेत येऊन गेले. 'अस्सल १९६३ चा डालेक' असं अख्खं काही आहे का, यावरच लोक हमरीतुमरीवर येतात.

फिरता_स्क्रू

मग तो अस्सल कसला? घुमटी १९६३ ची आणि बाकी कुठलंही, तर विकताना फक्त घुमटी विका.

काळापांढरा

नाही हो. सुटे भाग बदलत बदलत वापरणं हाच त्या डालेकचा खरा इतिहास आहे. १९६७ च्या एखाद्या दृश्यात जी जोडी दिसते ती तशीच आजही असेल तर ती अख्खी १९६७ ची अस्सल. त्याला १९६३ ची म्हणालात तर तो खोटा दावा. वस्तू तीच, लेबल चुकलं.

फिरता_स्क्रू

हे वकिली झालं. मला पटलेलं नाही, पण पुढे चला.

कागदीघोडा

उचलून आणलेल्या वस्तूंचा तर याहून घोळ. 'स्टार ट्रेक'मधले यानाचे डॉक्टर मॅककॉय, त्यांची वैद्यकीय उपकरणं म्हणजे मुळात मीठदाण्या. 'द मॅन ट्रॅप' या भागासाठी मिठाची भांडी हवी होती, चित्रविचित्र आकाराची आणली, पण ती मीठदाणी आहे हे प्रेक्षकाला कळणार नाही म्हणून साधी वापरली आणि ही उरलेली डॉक्टरांच्या पेटीत गेली. आता त्याच घाटाची मीठदाणी त्याच काळात दुकानांतही विकली जात होती. धातू तोच, वय तेच, बनवणारा तोच. प्रॉप म्हणून जे वेगळं केलं तेवढंच तपासायचं, बाकीची सगळी तपासणी व्यर्थ.

बरोज २०५ या खऱ्या संगणकाच्या दिव्यांच्या फळ्यांचंही असंच, त्या 'लॉस्ट इन स्पेस'पासून 'बॅटमॅन'पर्यंत सगळ्या मालिकांत लुकलुकतात. फळी खरी असणं सोपं आहे, ती त्या सेटवरची असणं वेगळं.

फिरता_स्क्रू

'स्पेस: १९९९' या मालिकेच्या ईगल यानांना मात्र सुट्या भागांचा फायदाच होतो. ४४, २२, ११ आणि साडेपाच इंच अशा चार मापांत बनवलेली ती मॉडेल्स, आणि अंगावर बाजारातल्या जोडणी-संचांचे तुकडे चिकटवलेले. प्रत्येक तुकडा कुठल्या संचातला हे हुडकणारी वेडी मंडळी आहेत. मालिका १९७५ ते १९७७ ची. अंगावर १९८५ साली आलेल्या संचाचा तुकडा मूळ रंगाच्या खाली सापडला की खेळ खलास. रंगाच्या वर असेल तर डागडुजी. हे मी रेझिनवालींच्या बाजूने बोलतोय, नोंद घ्यावी.

रेझिनवाली

नोंद घेतली. :)

नवखा_अंतराळी

११ फुटी एंटरप्राइझचं झालं, पण एक तीन फुटीही होतं ना? त्याचं काय झालं?

कागदीघोडा

मीच सांगतो. ११ फुटी मॉडेलच्या आधी रिचर्ड डॅटिनने एक छोटं केलं होतं, म्हणायला तीन फुटी, प्रत्यक्षात ३३ इंच. मालिकेच्या नामावलीत दिसतं. मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरींकडे असायचं, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कुणाला तरी दिलं ते गायब. २०२३ च्या शरदात एका ऑनलाइन लिलावात 'जुनं मॉडेल' म्हणून प्रकटलं, सुरुवातीची बोली १ हजार डॉलर! चाहत्यांनी फोटो बघून आरडाओरडा केला, विक्रेत्याने ते काढून घेतलं, तज्ज्ञांनी तपासलं, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये ते रॉडनबेरींच्या मुलाकडे परत गेलं.

या गोष्टीचा विक्रेते सर्रास गैरवापर करतात: 'बघा, माळ्यावरही खजिने सापडतात.' सापडतात की. पण त्या जाहिरातीत नीट बघितलं तर दावा जवळपास नव्हताच. लाकडाचे पोत आणि आकार जुन्या फोटोंशी ताडता येत होते, आणि ओळखलं बघणाऱ्यांनी. शिक्का, पत्र, 'हिरो' हे शब्द, काही नव्हतं. शंकेखोरांच्या वस्तूचं उलट आहे: दावे भरपूर, ताडायला काहीच नाही.

शंकेखोर

फोटो आले! विक्रेत्याने कुरकुर करत पाठवले. आतला एक, कोपऱ्यांचे दोन, मोजपट्टीसकट एक. इथे चढवलेत. मला दिसलं ते लिहितो, चुकत असेल तर सांगा.

कोपऱ्यांत दाणे सपाट भागाइतकेच टोकदार आहेत. आतल्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे गोल खड्डे आहेत, पाच-सहा. मोटर गरम डिंकाने चिकटवलीये. तिच्याखाली गुळगुळीत, एकही जुनं भोक नाही. किल्लीची वाट नाही.

रेझिनवाली

तुम्हीच निकाल लावलात.

गोल खड्डे म्हणजे रेझिन ओतताना अडकलेली हवा. ताणलेल्या शीटमध्ये ते येत नाहीत. म्हणजे कवच ओतीव. त्यात अजून एक बघा, झाकणाच्या बिजागरीजवळ उजवीकडे एक उथळ ओरखडा आहे, पण त्याच्या कडा गोलसर आहेत आणि तळाशीही तोच काळा चकाकता थर. खरा ओरखडा धारदार असतो, आतलं प्लास्टिक उघडं पडतं. हा ओरखडा या कवचावर पडलेलाच नाही. आधीच्या कुठल्यातरी कवचावर पडला, त्यावरून साचा काढला, आणि साच्याने ओरखडाही उचलला. झेरॉक्सवरून काढलेली झेरॉक्स. मोजपट्टीवरूनही ती किंचित लहान वाटते. रेझिन सुकताना आकसतं आणि साच्यावरून साचा काढला की दर पिढीला थोडी भर पडते. अर्धा टक्का धरला तरी १०० मिलिमीटरमागे अर्धा मिलिमीटर, कॅलिपरला सहज सापडतो. पण फोटोतली मोजपट्टी तिरकी आहे, त्यावर मी पैज लावणार नाही.

आतल्या रिकाम्या भोकांचा प्रश्नही सुटला. घड्याळयंत्र कधी नव्हतंच.

फिरता_स्क्रू

'आधीचा मालक' वारला म्हणायचा.

कागदीघोडा

पत्राच्या मागच्या बाजूचा फोटो?

शंकेखोर

तो नाही पाठवला. "पत्र फ्रेममध्ये आहे, काढता येणार नाही."

मी त्याला सरळ लिहिलं की ही रेझिनची प्रत आहे, चाहत्याने बनवलेली म्हणून द्यायची असेल तर त्या भावात घ्यायला तयार आहे. काम खरंच छान आहे हो, मला शेल्फवर आवडली असती. उत्तर नाही.

नवखा_अंतराळी

जाहिरात अजून आहे का?

शंकेखोर

काल काढली होती. आज परत आलीये. 'हिरो' शब्द गेला, आता 'स्टुडिओशी संबंधित असण्याची शक्यता, विक्रेत्याच्या माहितीनुसार' असं लिहिलंय. पत्र आणि शिक्का आहेत तिथेच. आतले फोटो टाकलेले नाहीत. किंमत वाढवली आहे.

डबडा_टीव्ही

वाढवली?? धन्य आहे.

रेझिनवाली

बिजागरीजवळच्या त्या ओरखड्याचा फोटो जपून ठेवा आणि धाग्यात वर चिकटवा. त्या साच्यातून एकच कवच निघालं असेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या नावाने, दुसरं पत्र घेऊन, हाच ओरखडा परत दिसेल.